उलट बोलण्याची शिस्त



‘उलट बोलू नकोस’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठी झालेली मुलगी आपल्याकडे शोधून सापडणार नाही. ‘का?’ असे विचारले की ते उलट बोलणे. ‘दादाला का नाही सांगत?’ असे विचारले की तोंड वर करून बोलणे. सासरी तर या गुन्ह्याची शिक्षाही ठरलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांना सात प्रसंग सांगून विचारले होते, की अशा वेळी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे का? न सांगता बाहेर गेली, सासरच्यांचा मान ठेवला नाही, स्वयंपाक नीट केला नाही, अशा त्या यादीत ‘नवऱ्याशी वाद घातला’ हाही एक प्रसंग होता. देशातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी निदान एका प्रसंगी मारणे योग्य ठरवले. वाद घातला म्हणूनच मारावे असे या साऱ्यांनी म्हटले, असा याचा अर्थ नाही. पण बाईने वाद घालणे हे मारहाणीचे कारण होऊ शकते, हे प्रश्न तयार करणाऱ्यांनाही ध्यानात घ्यावे लागले.

याचा परिणाम आपल्या कामावर होतो. पुरुषांना वाद घालण्याचा सराव पारावर होतो, टपरीवर होतो, सोसायटीच्या निवडणुकीत आणि ग्रामसभेत होतो. आपल्याला तो सराव मिळतो भांडणात, म्हणजे पाणी गळ्याशी आल्यावर. मग बैठकीत कुणी सफाईने एखादा मुद्दा मांडला, की आपण एक तर गप्प बसतो किंवा घोषणा देतो. दोन्ही वेळा समोरचा मुद्दा तसाच उभा राहतो आणि घरी जाऊन आपले काम बिघडवतो. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला हे रोज दिसते. बाई परत मारहाणीच्या घरात जाते ती दर वेळी धाकाने जात नाही. कित्येकदा तिला पटेल असा एक युक्तिवाद कुणीतरी तिच्यापुढे ठेवलेला असतो.

म्हणून उलट बोलायला हवे, आणि ते शिस्तीने बोलायला हवे. ही शिस्त तत्त्वे सांगून येत नाही. त्यासाठी एकच युक्तिवाद घेऊ, आपल्या मराठवाड्याच्या मातीशी ज्याचा संबंध आहे असा, आणि तो शेवटपर्यंत चाळून पाहू. तो युक्तिवाद असा : मुली कमी झाल्या की मुलींची किंमत आपोआप वाढेल.

हे कुणा अडाण्याचे बोलणे आहे असे समजू नका. १९७० च्या दशकापासून गर्भजलपरीक्षेचा वापर मुलगी आहे का हे पाहून गर्भपात करण्यासाठी होऊ लागला. मुंबईत आणि इतर शहरांत दवाखाने उघड जाहिराती करू लागले. आज थोडे पैसे खर्चून उद्याचा हुंडा वाचवा, असा त्या जाहिरातींचा भाव असे. त्या काळात, १९८२-८३ मध्ये, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात मोठा वाद झाला. आर्थिक इतिहासाच्या नामवंत अभ्यासक धर्मा कुमार यांनी विचारले, की मागणी-पुरवठ्याचा नियम इथे का लागू होऊ नये? पुरवठा घटला तर स्त्रीचे मूल्य वाढेल. शिवाय जन्मलेल्या मुलीला उपाशी ठेवून, औषध न देता मरू देण्यापेक्षा हा मार्ग अधिक वाईट आहे, असे कशावरून म्हणायचे?

इथे शिस्तीचा पहिला नियम येतो. समोरच्याचा मुद्दा त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचा. धर्मा कुमार या काही स्त्रियांच्या शत्रू नव्हत्या. नकोशा मुलीच्या वाट्याला येणाऱ्या हालांबद्दल त्या बोलत होत्या, आणि ते हाल खरे होते. ‘त्यांना बायकांचे काय कळते’ असे म्हणून हा मुद्दा खोडता येत नाही. माणसावर बोट ठेवून मुद्दा सोडून देणे ही चाल आपल्यावर रोज खेळली जाते. ‘तुम्ही शिकलेल्या बायका’, ‘ताई, तुमचे स्वतःचे लग्न झाले आहे का?’ हे आपण पुष्कळ ऐकलेले आहे. ती चाल आपण उलटवू नये, कारण तिच्याने समोरच्याचे तोंड बंद होते, पण ऐकणाऱ्या बाईच्या मनातली शंका तशीच राहते.

दुसरा नियम. बोललेल्या दोन वाक्यांच्या मधे न बोललेले काय आहे ते शोधायचे. ‘टंचाई झाली की भाव वाढतो’ हे एक वाक्य. ‘म्हणून मुलींची किंमत वाढेल’ हे दुसरे. या दोहोंना जोडणारा सांधा बोलून दाखवलेला नाही. तो असा, की बाई ही बाजारातली वस्तू आहे. तो उच्चारला की युक्तिवादातली गफलत डोळ्यांसमोर येते. आपल्या वैजापूर-लासूरकडच्या कोणत्याही शेतकरीण बाईला विचारा. कांद्याचा भाव वाढला की मान कांद्याचा वाढत नाही. पैसा मिळतो कांद्याच्या मालकाला, आणि चाळीवर राखण वाढते. वस्तू महाग झाली म्हणून ती मोकळी फिरू लागत नाही. ती जास्त जपली जाते, जास्त मोजली जाते आणि चोरीलाही जाते.

‘किंमत’ हा शब्द इथे वाटेत अर्थ बदलतो. सुरुवातीला त्याचा अर्थ भाव असा असतो आणि शेवटी मान असा होतो. शब्द तोच राहतो म्हणून बदल लक्षात येत नाही. कोणताही युक्तिवाद ऐकताना मुख्य शब्दाखाली मनातल्या मनात रेघ ओढावी आणि तो शब्द पहिल्या वाक्यात व शेवटच्या वाक्यात एकाच अर्थाने आला आहे का ते पाहावे. घरात ‘सून ही मुलीसारखीच’ म्हणतात तेव्हाही हीच परीक्षा लावा. कामाच्या वेळी ‘मुलगी’चा अर्थ काय आणि वाटणीच्या वेळी काय?

समाज-मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी त्याच साप्ताहिकातून याला उत्तर दिले. ज्या प्रदेशांत पिढ्यान्पिढ्या स्त्रिया कमी आहेत तिथे काय दिसते ते बघा, असा त्यांचा रोख होता. टंचाई झाली की स्त्रिया पळवल्या जातील, विकत आणल्या जातील, एकीला अनेक पुरुषांमध्ये वाटून घ्यावे लागेल, त्यांच्यावरची बंधने घट्ट होतील, असे त्यांनी बजावले. ‘असे होईल’ या अंदाजापुढे त्यांनी ‘असे झालेले आहे’ हा अनुभव ठेवला. हा तिसरा नियम : तर्क कितीही सुबक असो, जमिनीवर काय घडले ते पाहून घ्यायचे.

त्या वादाला आता चाळीस वर्षे उलटली. मधल्या काळात महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, या परीक्षांवर कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. २००० मध्ये ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांना अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तरी आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात दर हजार मुलांमागे सहा वर्षांखालच्या मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. राज्यातली ती सर्वांत खालची पायरी होती. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघडकीला आले आणि २०१९ मध्ये त्यात शिक्षा झाली. मागणी-पुरवठ्याच्या नियमाची परीक्षा घ्यायला दुर्दैवाने आपल्याइतकी जवळची जागा दुसरी नाही. मग मुलींची किंमत वाढली का?

इथे आपल्या बाजूच्या आकड्यांनाही चाळणीतून काढायचे आहे. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित मिळून सर्व स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे २०१९-२१ ची पाहणी सांगते. राज्याचा आकडा आहे सुमारे २२ टक्के. हे ४४ आणि वरचे ८०७ शेजारी शेजारी लिहून ‘मुली घटल्या म्हणून बालविवाह वाढले’ असा फलक रंगवणे फार सोपे आहे. पण ते चूक ठरेल. २०११ मध्ये मोजलेली बाळे पाहणीच्या वेळी साधारण आठ ते सोळा वर्षांची होती. २० ते २४ वयाच्या गटात ती नव्हतीच. त्या गटातल्या मुली २००१ च्या जनगणनेत लहान होत्या, आणि तेव्हाचा आकडा ८९४ होता. दुसरी गोष्ट म्हणजे परभणीत २०११ मध्ये मुलींची घट बीडइतकी नव्हती, तरी बालविवाहाचे प्रमाण बीडपेक्षा जास्त, सुमारे ४८ टक्के आहे. शिवाय बीडमध्ये बालविवाहाची दुसरी कारणे आहेत. ऊसतोडीला जोडपे गेले की त्याचा पूर्ण कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून त्यावर उचल मिळते. सहा महिने आई-बाप फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्न असतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे, असे होत नाही.

मग या आकड्यांतून काय सिद्ध होते? टंचाईमुळे बालविवाह वाढले, हे सिद्ध होत नाही. टंचाई झाली की मान आपोआप वाढतो, हे मात्र खोटे ठरते. ‘आपोआप’ म्हटले की एक उलट उदाहरणही त्याला पुरते, आणि इथे तर एक अख्खा जिल्हा समोर आहे. एखादा आकडा काय पाडू शकतो आणि काय उभे करू शकत नाही, यातला फरक कळणे ही आपल्या कामातली मोठी शिदोरी आहे. ग्रामसभेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कुणी आपला एक आकडा चुकीचा दाखवला, तर मागची सगळी खरी माहितीही वाया जाते.

उचलीच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. तिथे मुलीच्या लग्नाला खरोखर भाव आहे, रोख पैशात आहे. तो पडतो कुणाच्या हातात? उचल घेतो नवरा किंवा सासरा, आणि फेडायला कोयता चालवते ती. चाळीस वर्षांपूर्वीच्या लेखातली ‘किंमत’ मराठवाड्यात कशी दिसते, ती ही अशी.

हाच युक्तिवाद आता घरगुती पोशाखात आपल्यापुढे येतो. दहावीतल्या मुलीचे लग्न ठरवणारे वडील म्हणतात, ‘ताई, पूर्वी आम्ही जोडे झिजवायचो. आता स्थळ चालून आलंय. हुंडा नको म्हणतात, वर लग्नाचा खर्चही तेच करणार. तुम्हीच सांगता ना, हुंडा वाईट म्हणून?’ या बापाला खोटे पाडायचे नाही, त्याचा मुद्दा चाळायचा. हुंडा नको, हे चांगले. पण वाचलेला पैसा मुलीच्या नावावर पडणार आहे का? मुलाला घाई कशाची? मुलगा तिशी ओलांडलेला आहे, हे मुलीला सांगितले आहे का? तिचे अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायला तयार आहेत का? थांबायची तयारी नसेल, तर मान वाढल्याची गोष्ट तिथेच संपली. २००६ च्या कायद्याने हा विवाह गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी आहे, हे सांगावे लागेलच. पण वडिलांच्या तोंडचा मुद्दा मुलीच्या आईलाही पटलेला असतो. तो तसाच राहिला तर लग्न या गावात थांबते आणि पंधरा दिवसांनी मामाच्या गावी लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. मागणी आपलीच आहे. मग त्यांच्या सुरात सूर मिसळायचा का? मागणी एक असली तरी तिच्यामागचे कारण तपासायला हवे. मुलगी जन्मावी कारण मला बायको हवी, हे कारण असेल तर गरज भागली की कारणही संपते. दलालाला पैसे देऊन दूरच्या गरीब मुलखातून बायको आणली की कायद्याची आठवण राहणार नाही. आणि बायको होणे हे जिच्या आयुष्यात नाही, त्या मुलीने जन्मावे की नाही? त्या तरुणांचे एकटेपण आणि शेतीची दशा खरी आहे, तिची टिंगल करायचे कारण नाही. फक्त त्या दुःखाचे उत्तर मुलींनी जन्म घेऊन द्यायचे नाही.

आता चाळणी आपल्या दाराशी आणू. ‘लेक नको म्हणाल तर सून कुठून आणाल?’ या अर्थाच्या पाट्या सरकारी भिंतींवर दिसतात, शाळांच्या प्रभातफेऱ्यांत दिसतात, आणि स्त्री-संघटनांच्या मंचांवरही दिसतात. त्या पाटीचा न बोललेला सांधा कोणता? मुलीचा उपयोग सून म्हणून आहे, म्हणून ती वाचवायची. सोलापूरच्या मोर्चाचे कारण आणि या पाटीचे कारण एकच आहे. दुसरा शब्द ‘स्त्रीभ्रूणहत्या’. तो लोकांच्या काळजाला भिडतो, म्हणून वापरला जातो. पण ‘हत्या’ म्हटले की गर्भपात हाच खून ठरतो, आणि १९७१ च्या कायद्याने मिळालेला सुरक्षित गर्भपाताचा मार्ग अवघडतो. तीन-चार महिने उलटलेली, अडचणीत सापडलेली बाई दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरते, तेव्हा या शब्दाचीही तिला झळ लागलेली असते. म्हणून स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कित्येक गटांनी ‘लिंगनिवड’ हा शब्द धरला आहे. तो तितका झोंबत नाही, पण ज्या गोष्टीला विरोध आहे तिच्यावरच बोट ठेवतो.

विरोधक इथे आपल्याला खरोखर अडचणीचा प्रश्न विचारतात. ‘गर्भपात हा बाईचा हक्क म्हणता, मग मुलगी नको हेही ती स्वतःच ठरवते ना? ती स्वतःच्या पायांनी येते.’ याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. मूल हवे की नको, हा एक निर्णय. मूल कोणत्या जातीचे, मुलगा की मुलगी, हा दुसरा. पहिल्यात ती आपल्या आयुष्याबद्दल ठरवते, दुसऱ्यात समाज तिच्या गर्भातून आपला जुना निवाडा पुन्हा वदवून घेतो. आणि ‘स्वतःच्या पायांनी येते’ याबद्दल आपल्या चळवळीने एक धडा फार किंमत देऊन शिकलेला आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. चौघांनी न्यायालयाचे म्हणणे वाक्यावाक्याने तपासले, त्यातला निसटलेला सांधा दाखवला, आणि त्यावर देशभर मोर्चे उभे राहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला.

तीच कसोटी बीडला लावा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहिलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली होती. ‘त्यांनीच मागितले’ असे तेव्हाही म्हटले गेले. तिने मागितले असेल. पण खाडा झाला की पैसे कापणारा मुकादम, फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही, आणि ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ अशी भीती, या सगळ्यात तिच्यापुढे दुसरी कोणती वाट होती? ‘नाही’ म्हटले असते तर तिला काय मोजावे लागले असते? संमतीचा मुद्दा आला की हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे प्रश्न आपल्या केंद्रातल्या तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवतानाही लागू आहेत.

ही परंपरा आपल्याला बाहेरून आणायची नाही. १८८२ मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. आदल्या वर्षी सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, हे त्या लेखनाचे निमित्त. स्त्रियांवर जे दोष लादले जात होते ते ताराबाईंनी एकेक करून हातात घेतले आणि तेच माप पुरुषांना लावून दाखवले. एक माप दोघांना, एवढ्या एका कसोटीवर त्यांनी पुस्तक उभे केले. उलट बोलणे त्यांच्या हातात शस्त्र झाले ते या शिस्तीमुळे.

तेव्हा या तिमाहीत प्रत्येक गटाने एका बैठकीचा अर्धा तास यासाठी काढावा, अशी विनंती आहे. गावातले एक नेहमीचे वाक्य घ्या : ‘कायद्याचा बायका गैरफायदा घेतात’, ‘दारू बंद केली तर चोरून पितील’, ‘बाईच बाईची वैरी’. फळ्यावर लिहा. दोघींनी ते मनापासून, बळकट करून मांडायचे. बाकीच्यांनी विचारायचे : मधला सांधा कोणता, शब्द अर्थ बदलतो का, पुरावा कशाचा आणि कोणत्या वर्षाचा, आणि हेच माप उलट बाजूला लावले तर? मग त्याच फळ्यावर आपली एक घोषणा लिहा आणि तिलाही हेच प्रश्न विचारा. वाचता न येणाऱ्या बायका यात मागे पडतील असे वाटत असेल, तर करून पाहा. भाजीवालीशी दहा रुपयांवरून घासाघीस करणाऱ्या बाईला वजनाचे माप कुठे खोटे आहे ते लगेच कळते.

बैठकीत काय निघाले ते, मतभेदांसकट, आम्हाला लिहून कळवा. हाताने लिहिलेले, शुद्धलेखनाच्या चुकांसह, कसेही चालेल. पुढच्या अंकाची काही पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. या संपादकीयातला कोणता सांधा तुम्हाला निसटलेला वाटला, तेही जरूर लिहा.

– संपादक